कल्चर, कृष्टी आणि केदार

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात मॅथ्यू अर्नोल्ड शिकवत होतो. 'कल्चर' म्हणजे पूर्णत्वाचा ध्यास, जगात जे सर्वोत्तम विचारले गेले त्याचा परिचय वगैरे सांगून झाल्यावर मी नेहमीच्या सवयीने विचारले, "तुमच्या गावातले कल्चर कसे आहे?" भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याकडचा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, आमच्याकडं कल्चर कुठलं? आमच्याकडं नुसतं अॅग्रिकल्चर!" वर्ग हसला. तोही हसला. मीही हसलो आणि तास पुढे नेला.

विनोद जुनाच आहे आणि इंग्रजीत अनेकांनी अनेक प्रांतांविषयी केलेला आहे. त्या मुलाने तो कुठे ऐकला होता की त्याला तो स्वतःलाच सुचला, हे मी विचारले नाही. परंतु हसण्याच्या त्या क्षणी शिक्षक म्हणून माझ्याकडून एक चूक झाली, ही जाणीव पुढे बरेच दिवस छळत राहिली. त्या मुलाने स्वतःच्या घराविषयी एक निकाल दिला होता आणि तो निकाल ज्या शब्दाच्या आधारावर दिला होता, त्या शब्दाचा इतिहास नेमका उलटी साक्ष देणारा आहे. ती साक्ष त्या तासाला काढायला हवी होती. ती येथे काढतो आहे.

'कल्चर' या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'कोलेरे' या धातूत आहे. त्याचे मुख्य अर्थ तीन: जमीन कसणे, एखाद्या ठिकाणी वस्ती करणे आणि पूजणे. पहिल्या अर्थापासून 'कुल्तुरा' म्हणजे शेतीची मशागत. दुसऱ्यापासून 'कोलोनिया' म्हणजे वसाहत. तिसऱ्यापासून 'कुल्तुस', ज्याच्यापासून इंग्रजीतला 'कल्ट' निघाला. कसणे, राहणे आणि पूजणे ही तीन कामे एकाच क्रियापदात सामावावीत, याचे शब्दकोश चाळणाऱ्याला नवल वाटेल. मराठी वाचकाला वाटू नये. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातल्या भाजीपाल्यातच आपला विठ्ठल पाहिला आणि पंढरीला न जाता मळ्यालाच पंढरी केले. 'कोलेरे'चे तिन्ही अर्थ एका माणसाच्या आयुष्यात पाहायचे असतील, तर तेराव्या शतकातल्या या संताकडे बोट दाखवावे लागेल.

शेतातला हा शब्द मनाकडे वळवण्याचे श्रेय सिसेरोला देतात. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास लिहिलेल्या 'टस्क्युलन' संवादांत त्याने तत्त्वज्ञानाला मनाची नांगरट म्हटले. जमीन कितीही कसदार असली तरी मशागतीवाचून पिकत नाही, तसे मनही शिक्षणावाचून पिकत नाही, असा त्याचा दृष्टान्त. तो रूपक वापरत होता आणि आपण रूपक वापरतो आहोत याचे त्याला भान होते. इंग्रजीतही हा शब्द आला तो प्रथम शेतीचा शब्द म्हणूनच. बेकनने १६०५ मध्ये मनाच्या 'कल्चर'विषयी लिहिताना तिच्या जोडीला जमीन कसण्याचा दुसरा शब्द ठेवला. म्हणजे तोवर रूपकाच्या पायाला माती होती. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ती झडून गेली. 'कशाचे कल्चर?' हा प्रश्न विचारण्याची गरज उरली नाही आणि शब्द निरपेक्षपणे वापरला जाऊ लागला. अर्नोल्डच्या १८६९ च्या ग्रंथात तो आत्मविकासाचे, अभिरुचीचे नाव झाला. दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, एडवर्ड टायलरने त्याला अगदी वेगळ्या वाटेने नेले. एखाद्या समाजाचे ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी, सवयी या सर्वांची मिळून होणारी गुंतागुंत म्हणजे कल्चर, अशी त्याची मांडणी. अर्नोल्डच्या अर्थाने कल्चर काहींपाशी असते, काहींपाशी नसते. टायलरच्या अर्थाने कल्चर नसलेला मानवी समाज संभवतच नाही. आपल्या वर्गांतून हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली शिकवले जातात आणि त्यांतून निम्मे घोटाळे जन्माला येतात. १९५२ मध्ये क्रोबर आणि क्लकहोन या दोन अमेरिकन मानवशास्त्रज्ञांनी या शब्दाच्या दीडशेहून अधिक व्याख्या गोळा केल्या. रेमंड विल्यम्सने १९७६ च्या 'कीवर्ड्स'मध्ये इंग्रजीतल्या अत्यंत अवघड शब्दांत त्याची गणना केली. हा विल्यम्स वेल्सच्या सीमेवरील एका खेड्यातला, रेल्वेच्या सिग्नलमनचा मुलगा. कल्चर ही सामान्य, रोजची गोष्ट आहे, असे सांगणारा त्याचा निबंध १९५८ चा आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या विनोदाला खरे उत्तर त्याच्याच जातकुळीच्या माणसाने आधीच देऊन ठेवले होते.

हा शब्द आपल्याकडे आला तो मात्र विद्यापीठाच्या दारातून नव्हे, कचेरीच्या दारातून. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कारभाराच्या कागदांत कापसाचे वा उसाचे 'कल्चर' म्हणजे त्या पिकाची लागवड आणि 'कल्टिव्हेटर' म्हणजे शेतकरी. जमाबंदीच्या अहवालांत हजारो वेळा येणारा हा कल्टिव्हेटर कर भरतो, कर्ज काढतो, दुष्काळात मरतो. परंतु 'कल्चर्ड' तो कधी असत नाही. एकाच धातूपासून निघालेल्या दोन शब्दांपैकी एक शेताच्या बांधावर राहिला आणि दुसरा दिवाणखान्यात गेला. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध केला तो या कल्टिव्हेटरच्याच बाजूने. शेतकऱ्याला विद्या नाही याचा अर्थ त्याच्यापाशी बुद्धी नाही असा नव्हे. विद्येचे पाणी त्याच्या वाफ्यापर्यंत येऊच दिले गेले नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे.

याबाबतीत आपल्या भाषेचे हातही स्वच्छ नाहीत. 'कुणबी' हा शब्द 'कुटुंबिन्' म्हणजे घरसंसार असलेला गृहस्थ यावरून आला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. पण त्याच्यापासून झालेले 'कुणबाऊ' हे विशेषण ओबडधोबड, असंस्कृत या अर्थाने चालले. 'खेडे'पासून 'खेडवळ' झाले, 'गाव'पासून 'गावंढळ' झाले. संस्कृत काव्यशास्त्राने तर ग्राम्यता हा काव्यदोषच मानला. लॅटिनमध्येही 'रस' म्हणजे खेडे, शेतशिवार यावरून 'रस्टिक' निघाला आणि 'उर्ब्स' म्हणजे शहर यावरून 'अर्बेन', म्हणजे सभ्य. अन्न पिकवणाऱ्याच्या ठिकाणावरून अपशब्द बनवण्याची खोड कोणत्याही एका भाषेची नाही. मात्र इंग्रजीत शेताचाच शब्द उचलून तो शेतकऱ्याच्या विरुद्ध वापरला गेला, हे विशेष.

आता मराठीने 'कल्चर'साठी काय केले ते पाहू. एकोणिसाव्या शतकात आपले काम प्रामुख्याने 'सुधारणा' या शब्दावर भागत असे. 'रिफॉर्म'लाही सुधारणा आणि 'सिव्हिलायझेशन'लाही सुधारणा. 'सुधारलेली राष्ट्रे' या प्रयोगात हा दुसरा अर्थ आहे. 'संस्कृती' हा शब्द त्यानंतर पुढे आला. तो नवा घडवलेला नाही. यजुर्वेदात तो आहे, आणि ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांना आत्म्याची संस्कृती म्हटले आहे. परंतु 'कल्चर'चा पर्याय म्हणून त्याला आधुनिक भारतीय भाषांत जे स्थान मिळाले, त्या कथेत मराठीचा एक हृद्य वाटा आहे.

बंगालचे भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चाटर्जी १९२२ च्या सुमारास पॅरिसमध्ये होते. मराठी भाषेच्या घडणीवर ग्रंथ लिहिणारे झ्यूल ब्लॉक हे तेथे त्यांच्या अध्यापकांपैकी एक. त्या काळात बंगालीत 'कल्चर'साठी 'कृष्टी' हा शब्द रूढ होऊ पाहत होता. पॅरिसमधील एका मराठी मित्राकडून सुनीतिकुमारांनी 'संस्कृती' हा शब्द ऐकला. त्याच्या भाषेत तो आधीपासूनच या अर्थाने चालत होता. त्यांना तो आवडला. मायदेशी परतल्यावर त्यांनी तो रवींद्रनाथ ठाकुरांना सांगितला आणि रवींद्रनाथांनी त्याचे स्वागत केले. 'कृष्टी' त्यांना मुळीच रुचत नव्हती. ही हकीकत खुद्द सुनीतिकुमारांनी नमूद करून ठेवली आहे. आज बंगालीत जो 'संस्कृती' शब्द सर्वतोमुखी आहे, त्याच्यामागे अशा रीतीने एका अनाम मराठी माणसाचे बोलणे उभे आहे.

मराठी वाचकाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मला मात्र ही कथा वाचताना नाकारल्या गेलेल्या शब्दाची अधिक हळहळ वाटते. 'कृष्टी' हा 'कृष्' म्हणजे नांगरणे या धातूपासून आलेला. ऋग्वेदात 'कृष्टी' म्हणजे लोक, जनसमूह. जमीन कसून राहणारी माणसे. म्हणजे 'कुल्तुरा'चा इतका सख्खा भाऊ संस्कृतात दुसरा नाही. तरीही तो पडला. कानाला तो कठोर लागतो हे खरेच, पण तेवढेच कारण असेल असे मला वाटत नाही. त्या शब्दाला नांगराचा वास होता. 'संस्कृती' या शब्दाला 'संस्कृत' भाषेचा आणि 'संस्कार' या विधीचा शेजार लाभला. नीटनेटके केलेले, शुद्ध केलेले, अलंकृत केलेले असे अर्थवलय त्याच्याभोवती आयतेच होते. लाभ मोठा होता, आणि धोकाही तेवढाच. जे संस्कार काही वर्णांपुरतेच राखून ठेवलेले होते, त्यांच्या कुळातला शब्द सर्वांच्या जीवनपद्धतीचे नाव झाला. 'सुसंस्कृत घराणे' हा शब्दप्रयोग आपण ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर कोणते घर येते आणि कोणते येत नाही, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे.

केदारखेड्याच्या परिसराला तर आणखी एक शब्दकुळी लाभली होती. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राजभाषा उर्दू आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दू. उर्दूत 'कल्चर'च्या प्रदेशात दोन जुने शब्द आहेत: 'तहजीब' आणि 'तमद्दुन'. 'तमद्दुन' हा 'मदीना' म्हणजे शहर या शब्दाच्या कुळातला. लॅटिन 'सिव्हिस'वरून आलेल्या 'सिव्हिलायझेशन'चा जणू जुळा भाऊ. 'तहजीब'च्या अरबी धातूचा मूळ अर्थ मात्र झाडाची छाटणी करणे, फांद्या काढून त्याला साफसूफ करणे असा. म्हणजे अरबीने हा शब्द बागेतून घेतला, लॅटिनने शेतातून, आणि आपण तो घडवण्या-सजवण्याच्या क्रियेतून. मराठवाड्यातील मागच्या पिढीतल्या शिकलेल्या माणसाच्या कानावर हे सारे शब्द एकाच आयुष्यात पडले. एवढे भाग्य पुण्या-मुंबईच्या वाचकालाही लाभले नव्हते.

पुढची हकीकत परिचित आहे, तेव्हा ती थोडक्यात. साने गुरुजींचे 'भारतीय संस्कृती' १९३७ मध्ये आले. लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा 'वैदिक संस्कृतीचा विकास' आणि इरावती कर्वे यांचे 'मराठी लोकांची संस्कृती' ही दोन्ही पुस्तके १९५१ ची. १९६० मध्ये राज्य स्थापन होताच साहित्य आणि संस्कृती मंडळही स्थापन झाले व शास्त्रीजी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. या तीन नावांत एकच शब्द तीन अर्थांनी येतो. साने गुरुजींची संस्कृती ही जीवनाची उदात्त दृष्टी आहे, शास्त्रीजींची ही विचारांची ऐतिहासिक वाटचाल आहे, आणि इरावतीबाईंची ही लोकांच्या नातेसंबंधांत, बोलीत, अन्नात, भूगोलात दिसणारी मानवशास्त्रीय वस्तू आहे. टायलरचा अर्थ मराठीत सकसपणे रुजवला तो इरावतीबाईंनी. मात्र मराठी माणसाने तो इंग्रजीत त्यापूर्वीच वापरला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर जो निबंध वाचला, त्यात भारतीयांची एकता वंशात नसून 'कल्चर'मध्ये आहे, असे प्रतिपादन आहे आणि त्या एकजिनसी समाजाचे तुकडे करणारी संस्था म्हणून जातीचा विचार आहे. येथे कल्चर ही कोणाची मिरास नाही. ती सर्वांच्या सामाईक जगण्याची वस्तुस्थिती आहे. 'संस्कृती' या शब्दावर ज्यांचा हक्क नाकारला गेला, त्यांनी पुढे तो मागून न घेता स्वतःच उचलला. १९९९ मध्ये धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरवणाऱ्या चळवळीच्या नावात 'सांस्कृतिक' हे विशेषण आहे, ही साधी बाब नव्हे.

पुरातत्त्वशास्त्रानेही या शब्दाची मोठी सेवा केली आहे. हिंदीत 'सिंधु घाटी सभ्यता' म्हणतात, आपण 'सिंधू संस्कृती' म्हणतो. सिव्हिलायझेशन आणि कल्चर या दोहोंना मराठीत हाच एक शब्द पुरतो. 'जोर्वे संस्कृती'चे उदाहरण पाहा. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे या खेड्यात १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वसाहतींना त्या खेड्याचे नाव मिळाले. पुढे इनामगावच्या उत्खननात त्या लोकांची घरे, धान्य साठवण्याच्या जागा, सातूचे दाणे आणि पाण्याचा पाटही सापडला. या शास्त्रात कल्चर म्हणजे खापरे, दाणे, चुली आणि पाट. येथे अॅग्रिकल्चर वजा केले तर कल्चर म्हणून काही उरतच नाही.

आणि आजच्या बोलण्यात? शहरी मराठीत 'वर्क कल्चर', 'पब कल्चर', 'हे आपले कल्चर नाही' असे प्रयोग सर्रास होतात. 'संस्कृती' म्हटले की आवाज जड होतो, म्हणून हलक्या जागी 'कल्चर' येते. पण खेड्यात हा इंग्रजी शब्द वेगळ्याच वाटेने पोचला आहे. 'टिश्यू कल्चरची केळी लावली' असे शेतकरी सहज म्हणतो. दवाखान्यातून आल्यावर 'रक्ताचं कल्चर करायला सांगितलंय' असेही म्हणतो. या दोन्ही ठिकाणी शब्दाचा अर्थ जिवंत वस्तूला अनुकूल माध्यम देऊन वाढवणे हा आहे. म्हणजे सिसेरोच्याही आधीचा, मूळचा. शास्त्रीय मराठीने त्याला 'ऊतिसंवर्धन' म्हटले, तर व्यवहाराने 'सेरिकल्चर'ला सरळ 'रेशीमशेती' म्हटले आणि मासे वाढवण्याला 'मत्स्यशेती'. या शब्दांत 'कल्चर'चे भाषांतर 'शेती' असे निःसंकोचपणे झाले आहे. शहराच्या वेशीवर याच्या उलट प्रवास दिसतो. 'एन.ए.' म्हणजे 'नॉन-अॅग्रिकल्चरल', बिनशेती. महसुलाच्या भाषेतले हे दोन अक्षरी विशेषण लागले की जमिनीची किंमत वाढते. त्या दोन अक्षरांत एक अख्खा शब्द पुसला गेला आहे, याची जाणीव प्लॉट घेणाऱ्याला नसते.

मग 'कल्चर'चा खरा मराठी प्रतिशब्द कोणता? माझ्या मते तो आपल्यापाशी पूर्वीपासून आहे: 'मशागत'. पूर्वमशागत, आंतरमशागत हे शेतीतले रोजचे शब्द, आणि 'मनाची मशागत' हा तितकाच रोजचा वाक्प्रचार. सिसेरोचे नावही न ऐकलेला माणूस तो वापरतो. हा शब्द संस्कृत नाही. अरबी-फारसीतून आलेल्या 'मशक्कत' म्हणजे कष्ट या शब्दाचे ते मराठी रूप. 'संस्कृती' ही असते किंवा नसते, वारशाने मिळते, मिरवता येते. मशागतीचे तसे नाही. नांगरट, वखरणी, खुरपणी, कोळपणी दर हंगामात नव्याने करावी लागते; मागच्या वर्षीच्या मशागतीवर यंदाचे पीक येत नाही. 'कल्चर' हे मुळात नाम नसून काम आहे, ही गोष्ट इंग्रजी विसरली, संस्कृत शब्दाने झाकली, आणि कुणबाऊ ठरलेल्या मराठीने राखून ठेवली.

आता त्या मुलाच्या गावाविषयी. केदारखेडा पूर्णेच्या काठी आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला मिळणारी ही पूर्णा. १९८१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा निघाला, त्यात हा भाग आला. 'केदार' म्हटले की आपल्याला शंकर आठवतो. पण अमरकोशात 'केदार' हा 'क्षेत्र' म्हणजे शेत याचा पर्याय म्हणून दिला आहे, आणि विशेषतः पाणी धरणारे शेत असा त्याचा अर्थ आहे. 'खेडे' हे संस्कृत 'खेट'पासून आले. गावाचे नाव देवावरून पडले की शेतावरून, याचा निवाडा मी करत नाही. शब्दापुरते बोलायचे तर 'केदार' आणि 'खेडे' एकत्र आले की भिजलेल्या शेताशेजारची वस्ती असा अर्थ निघतो. कसणे आणि राहणे: 'कोलेरे'चे दोन अर्थ. देवाचे नाव मानले तर तिसराही.

तालुक्याचे ठिकाण भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथल्या दात्यांची नावे सांची आणि भरहुत येथील लेखांत आहेत. १९७३ च्या उत्खननात तेथे हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली आणि इटलीतल्या पॉम्पेईत, इसवी सन ७९ च्या राखेखाली, सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले. ज्यांच्या भाषेत 'कुल्तुरा' हा शब्द होता, त्यांच्या घरात या मुलुखाच्या शैलीची कारागिरी पोचली होती. आमच्याकडे कल्चर कुठले, असे त्या मुलाने विचारले होते, तेव्हा एवढे तरी त्याला सांगता आले असते.

पण खरे सांगायचे तर भोगवर्धनाचा दाखला हाही अर्नोल्डच्या बाजूचाच दाखला आहे. आमच्याकडेही उत्तम वस्तू होत्या, तेव्हा आम्हालाही आत घ्या, असे म्हणण्यासारखे ते आहे. हस्तिदंत सापडले नसते तरी त्या मुलाचे घर कल्चरवाचून राहिले नसते. त्याचे वडील जमीन वाफशावर आली की नाही हे मातीची मूठ दाबून ओळखत असतील, आई बी-बियाण्याचे काही जुने वाण मडक्यात राखेत जपत असेल. या ज्ञानाचे आपल्या अभ्यासक्रमात नाव नाही, एवढेच. नाव नसल्यामुळे मुलगा त्याची थट्टा करतो आणि शिक्षक हसतो.

त्या वर्षापासून अर्नोल्डचा तास मी वेगळ्या रीतीने घेतो. फळ्यावर प्रथम 'मशागत' लिहितो, त्याखाली 'कुल्तुरा', मग 'कृष्टी', 'तहजीब', 'संस्कृती' आणि अगदी शेवटी 'कल्चर'. त्यानंतर मुलांना विचारतो, यांतला कोणता शब्द तुमच्या घरात रोज उच्चारला जातो. बहुतेक हात पहिल्याच शब्दाला वर होतात. जो मुलगा तेव्हा हसला होता, तो मात्र त्या वर्षी पास होऊन निघून गेला. त्याला हे सांगायचे राहूनच गेले.